मास्तरांचं माप

कोट तिसऱ्यांदा परत आला. लेकीनं तो शिंपीमास्तरांच्या टेबलावर टाकला. ती बस चालवायची, आणि तिचा गणवेश आजवर बापाशिवाय कुणी शिवला नव्हता.

"बाबा, पोटावर बटण लागत नाही. बाह्या मात्र नुसत्या लोंबतायत."

"मास्तर, चष्मा बदला आता, नाहीतर धंदा!" समोरचा घड्याळजी दुकानातूनच ओरडला.

मास्तरांचा पारा चढला. चाळीस वर्षांत त्यांचं माप चुकलं नव्हतं, आणि चुकलं असतं तरी कबूल करणाऱ्यांतले ते नव्हेत. त्यांनी मापांची वही उघडली, गळ्यातली टेप ओढली. चार महिन्यांत कंबर पाच इंच वाढलेली. दंड दीड इंच बारीक. मानेमागे चरबीचा उंचवटा. हनुवटीवर राठ केस, ती हातानं झाकत होती ते.

"हल्ली खाणं आवरत नाही, म्हणून सुटलेय," ती ओशाळून म्हणाली.

"खाऊन सुटलेल्याचे दंड वाळत नाहीत! माझं माप बरोबर आहे. तुझ्या अंगातच काहीतरी चुकतंय. चल डॉक्टरकडे."

वही काखोटीला मारून ते निघालेसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी आकडे दोनदा वाचले, बीपी बघितलं, तपासण्या लिहून दिल्या. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. अहवाल आले तेव्हा कळलं, लेकीच्या त्या ग्रंथीच्या बाहेरच्या थरात कॅन्सर झाला होता, आणि तोच रक्तात नको तितकी हार्मोन्स ओतत होता.

"पसरलेला नाही अजून. वेळेवर आणलंत," बाई म्हणाल्या.

मास्तर ताठ बसून राहिले. मग ऑपरेशनची तारीख त्यांनी मापांच्या वहीतच लिहून घेतली.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी लेकीला नव्या मापाचा कोट शिवला. अगदी चपखल बसला. घड्याळजीला मुद्दाम बोलावून दाखवला. "बघ, कुठे सुरकुती दिसते का!"

गाठ निघाली. तपासण्या पुढेही चालू राहणार होत्या, पण डॉक्टरीणबाईंनी कामावर जायला परवानगी दिली. आठ महिन्यांनी लेक तोच कोट घालून दुकानात आली. तो तिच्या अंगावर नुसता लोंबत होता.

"काय हो बाबा, केवढा ढगळ शिवलात!"

मास्तरांनी टेप लावली. एकदा, मग पुन्हा. मग डोळे पुसत ते थेट रस्त्यावर आले आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले,

"अरे घड्याळजी, ये, बघ! चुकलं रे माझं माप! चांगलं पाच इंचांनी चुकलं!"