घर कुणाच्या नावावर

लग्न होऊन कराचीहून अकोल्यात आलेल्या गुलनारला अजून इथलं नागरिकत्व मिळालं नव्हतं. घराच्या सरकारी कर्जाचं गाडं नेमकं तिथंच अडलं. घर बाईच्या नावावर हवं आणि ती बाई भारताची नागरिक हवी, असा नियम होता.

"मग सासूबाईंच्या नावावर करू," बँकेतले साहेब म्हणाले. "लगेच काम होते."

गुलनारनं आशेनं सासूकडे पाहिलं.

"मी सही करत नाही," हाजराबी म्हणाल्या.

गुलनारचा चेहरा उतरला. आपल्यापायी घर अडलं, म्हणून अम्मी चिडल्या असणार.

"चाची, काहून अडून राहिल्या?" साहेब म्हणाले. "सुनेच्या नागरिकत्वाले किती वर्षं लागतीन, काही भरवसा नाही."

"लागू द्या. तवर राहू भाड्याच्या खोलीत." हाजराबींनी सुनेचा हात हातात घेतला. "नवऱ्यासंगं भांडण झालं का मी अंजनगावले माहेरी जाऊन बसायची, साहेब. ही पोरगी कुठं जाईन? घर हिच्याच नावावर पाहिजे. उद्या भांडण झालंच, तं आमी बाहेर निघू."