बांगड्यांचा ओरखडा

"धुणं-पुसणं बायामानसाचं काम," असं म्हणत खंडाळ्याच्या बंगल्यावरच्या कोंडाजी माळ्याने शेठची नवी मोटार धुवायचं काम बायकोच्या गळ्यात मारलं आणि स्वतः जांभळीखाली आडवा झाला.

कस्तुराबाईने फडकं पिळलं, तोच शेठ ओरडत बाहेर आले. "आधी त्या बांगड्या काढ! रंगावर ओरखडे उठतील."

"नवरा जित्ता असताना?" तिने कपाळावरच्या कुंकवाकडे बोट केलं.

शेठ चपापले. त्यांनी कोंडाजीलाच हाक मारली.

आता कोंडाजी पाणी ओतून आधी धूळ घालवत होता, मग मऊ फडक्याने पत्रा टिपत होता. कस्तुराबाई पायरीवर चहा फुंकत बसली होती.

"शेटला ह्ये बांगड्यांचं सांगितलं तरी कुनी?" तो कुरकुरला.

"म्याच. हलक्या हातानं पुसा, रंग लय नाजूक हाय."