गोरक्षची बोट

"मोडली!" राहीनं फळीचे दोन तुकडे पुढं धरले. "ही बी गेली, भाऊजी."

"कोरडीच वाकवली व्हय? लाकडाला दमानं घ्यावं लागतं, वैनी. ऊन पान्यात भिजवा, मग वाकवा." मच्छिंद्रनं चहाच्या खोक्यातून काढलेली दुसरी पातळ पट्टी तिच्या हातात दिली.

उंबऱ्याशी रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत बसलेल्या साळूबाईनं नुसती मान हलवली. बाहत्तरचं साल. गोदावरीच्या पात्रात चूळ भरायला पाणी नाही, आणि कोपरगावजवळच्या या वस्तीवर सून बोट बांधायला बसलीय! लोक तोंडावर पदर धरून हसत होते. हसेनात का, त्यांच्या घरचं काय जात होतं!

राहीचा नवरा गोरक्ष बोटीवर खलाशी होता. बसऱ्याहून खजूर भरून मुंबईला निघालेली त्याची बोट वादळात बुडाली, त्याला दोन वर्षं होऊन गेली. काही माणसं वाचली, काहींची प्रेतं मिळाली. गोरक्षचं मात्र काही म्हणजे काही हाती लागलं नाही. ना जित्यांत, ना पितरांत. सासू साळूबाई रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची. राहीला अंगणात त्याचं खाकरणं ऐकू यायचं. ती धावत जाऊन कडी काढायची, आणि बाहेर बघावं तर कुणी नाही. मेला म्हणून एकदाचं रडून मोकळं तरी होता आलं असतं. हे असं अर्धवट मेलेलं माणूस घरात घेऊन जगायचं म्हणजे जिवाला घोर. ती पार वाळून गेली होती.

गुरुजींनी वाट सांगितली होती. देह मिळाला नाही, तर दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, सुतक धरायचं, बारावं घालायचं. पण मरताना डोळ्यांनी पाहिलेला कुणी हवा.

तो मच्छिंद्रच्या रूपानं मिळाला. गोरक्षच्याच बोटीवरचा, वाचलेला, पंचक्रोशीतला. एक पाय अधू झाल्यामुळं तो आता घरी बसून लाकडाच्या खेळण्यातल्या बोटी करायचा. तशीच एक काखेत घेऊन तो या घरी आला आणि खाली बघत म्हणाला, "म्या बोटीच्या मागल्या टोकाला, जीव वाचवायच्या होडीचा दोर सोडत हुतो. गोरक्ष पार पुढच्या टोकाला उभा. माझ्याकडं बघून हात केला त्यानं. लाट आली, अन् टोक रिकामं."

सासरे रंगनाथ लगेच गुरुजींकडं निघाले. राही आडवी आली.

"मामंजी, आधी मला बोट बांधू द्या. ते गेले ती, हुबेहूब. माझ्या हातानं बांधीन आन् पुतळ्याबरुबर ठेवीन. तवर विधी न्हाई."

"बाईमानसाचं काम हाय का ते!" रंगनाथ उखडले. पण सुनेच्या तोंडाकडं पाहून दारातून परत फिरले. मच्छिंद्रलाही नाही म्हणता येईना.

राही शिकत गेली. बोटं कापली, सरस सांडला, बुड वाकडं झालं म्हणून दोनदा सुटं केलं. हळूहळू लाकूड तिचं ऐकायला लागलं. मच्छिंद्र एरवी कसनुसा होऊन बसायचा, नजरेला नजर देत नसे. पण पटाशी हातात आली की गडी बदलायचा. मग चूक म्हणून खपवून घ्यायचा नाही.

बोटीच्या मध्यावर कप्तानाची माडी बसवायची होती. राहीनं ती लहानशी केली.

"छ्या, छ्या! खुराडं हाय का हे? पार दोनी कठड्यांला भिडली पायजे. अन् उंच, चांगली दोन मजले."

राहीनं माडी त्याच्या मापानं करून चिकटवली. मागं होड्या बांधल्या. पुढच्या टोकाला एक काडी उभी केली. मग तिनं गाल जमिनीला टेकवला आणि मागल्या होडीपाशी डोळा नेला. बराच वेळ ती तशीच होती.

"काय बघता, वैनी?"

"तुमीच बघा की."

मच्छिंद्र हसत वाकला. डोळा लावला. समोर नुसती माडी; पुढची काडी कुठंच दिसेना. हसू मावळलं.

"आत्याबाई," राही सासूला म्हणाली, "चुलीवरचं उतू जातंय वाटतं."

साळूबाई आत गेली. परत आली तर मच्छिंद्र राहीच्या पायाशी बसून ढसाढसा रडत होता. त्या माउलीलाही हुंदका आवरेना. लेकाचा केवढा जिवलग म्हणायचा हा!

त्याच संध्याकाळी राही सासऱ्यांपुढं उभी राहिली. "मामंजी, गुरुजींना सांगा. पुतळा बांधा."

"पटली खात्री?"

"पटली."

नदीच्या कोरड्या पात्रात पळसाच्या पानांचा गोरक्ष निजवला. राहीनं बोट त्याच्या छातीवर ठेवली. गुरुजींनी विचारलं, "मरताना पाहिलंत?" मच्छिंद्रनं राहीकडं पाहिलं. ती त्याच्यावर डोळे रोखून उभी होती. "व्हय," तो कसाबसा म्हणाला. रंगनाथांनी अग्नी दिला. साळूबाईनं टाहो फोडला. राहीनं कुणाची वाट न पाहता आपल्या हातानं बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. डोळ्यांत टिपूस नव्हतं. बाया म्हणाल्या, दगड झालीय बिचारीचा.

राख निवली. माणसं घराकडं वळली. मच्छिंद्र लंगडत मागं राहिला होता. राही त्याच्यापाशी थांबली.

"भाऊजी, आता बसऱ्याला कळवा त्यांना," ती हळूच म्हणाली. "म्हनावं, बोटीवर चढलाच न्हाई, तर तिथंच त्या बाईसंगं सुखानं नांदा. पर गावाकडं फिरकू नका. हितं तुमाला आमी जाळलंय."