कल्हई

पंचगंगेच्या पुरात अर्धं गाव माळावरच्या शाळेत राहायला आलं, तेव्हा बौद्धवाड्यातल्या तानूबाईनं कुणी न सांगताच पदर खोचला. देवळाची मोठाली पितळी पातेली देवळाचा कारभार बघणाऱ्या केरबाआबांनी पाणी चढायच्या आधीच ट्रॅक्टरमधून शाळेत आणली होती. त्यांतच तिनं नऊ दिवस सगळ्या गावाचा आमटी-भात रांधला. आबा दोन-दोनदा वाढून घ्यायचे आणि म्हणायचे, "तानू, हाताला चव हाय बघ तुझ्या."

पाणी ओसरलं, गावाला सामाजिक सलोख्याचा पुरस्कार मिळाला आणि देवळात भंडारा ठरला. कमानीवर भला मोठा फलक लागला, 'एक गाव, एक चूल'. त्यावर फोटो तानूबाईचाच होता.

स्वयंपाकाला हात लावावा म्हणून ती सकाळीच देवळामागं गेली. तिथं पेठ वडगावचा कल्हईवाला बसला होता आणि पातेली आतून चांदीसारखी चमकत होती.

"तू कशाला राबतीस? आचारी सांगितलाय," आबा म्हणाले. "आज सत्कार हाय तुझा. जा, खुर्चीवर बस."

"बसतो की. पर आबा, कल्हई पाडव्यालाच केलती न्हवं?"

"पुराचं घाण पाणी लागलं की भांड्यास्नी." आबांनी तिच्याकडं बघितलं नाही.

तानूबाई खुर्चीवर जाऊन बसली.

नऊ दिवसांत पुराचं पाणी त्या पातेल्यांना शिवलंसुद्धा नव्हतं.