ते गेले

सौंदड स्टेशनवर दुलारीने खिडकीतून हात काढून चहावाल्याला थांबवलं, तसा चुन्नीलाल तिच्यावर खेकसला.

"मयतीच्या घरी जाऊन राहिलो आपण. चाय कायची पेतेस?"

दुलारीने हात आत घेतला. नवऱ्याने कालपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, हे तिने पाहिलंच होतं.

काल संध्याकाळी चुन्नीलाल रोजच्यासारखा किराणा दुकानाच्या बाकावर तंबाखू मळत बसला होता. नऊच्या सुमाराला फोन वाजला आणि दुकानदाराने काही न सांगता रिसीव्हर त्याच्या हातात दिला. पलीकडून नुसतं रडणं. मग गोंदियाच्या बहिणीचा, शामकलाचा आवाज आला, "दादा, ते गेले ना..." आणि लाइन कटली. दुकानदाराने नंतर पाच वेळा नंबर फिरवला. पाचही वेळा एंगेज.

शामकलाने लग्नाच्या दिवसापासून नवऱ्याचं नाव तोंडावर आणलं नव्हतं. 'ते' म्हणजे टेकचंद. त्यात विचारायचं काय होतं?

चार वर्षं झाली होती बहीणभावाच्या अबोल्याला. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात चुन्नीलालच्या मुलाचं लग्न होतं. हळद लावायचा पहिला मान आत्याचा, आणि आत्या आली ती नवरदेवाची अंघोळ आटोपल्यावर. टीव्हीवर पिक्चर लागला होता. 'आता संपेल, मग संपेल' करता करता तिची गाडी सुटली. चुन्नीलालने भर मांडवात सुनावलं, "त्या डब्ब्यासंगच नातं ठेव. आजपासून तू मले मेली." त्यानंतर तिने राख्या पाठवल्या, चिठ्ठ्या पाठवल्या, घरच्या सत्यनारायणाचं बोलावणं पाठवलं. हा हटवादी गडी काही हलला नाही. मनातून हलत होता, पण चार माणसांत बोललेला शब्द गिळायचा कसा?

मरणाची गोष्ट मात्र निराळी. लग्नाला बोलावणं लागतं, मरणाला लागत नाही. आणि तिथे कोणाचा कोणाशी अबोलाही राहत नाही. पहाटेच उठून त्याने धुतलेलं धोतर नेसलं होतं. गाडी गोंदियात शिरली तेव्हा त्याचे डोळे वाहत होते. चार वर्षं बहिणीचं तोंड पाहिलं नाही, आणि आता पाहायचं ते पांढऱ्या कपाळाचं! त्याला स्वतःची शरम वाटली.

गल्लीत गर्दी नव्हती. 'उरकलं वाटते,' म्हणत त्याने उंबऱ्यातच हंबरडा फोडला, "शामकले! माय वो!"

आतून गालाला साबणाचा फेस लावलेला टेकचंद धावत आला. राइस मिलमधला हा मुनीम, दुसऱ्या पाळीला जायच्या आधी दाढी करत होता.

"काय झालं, दादा? कोन गेलं?"

चुन्नीलालने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग त्याला गच्च मिठी मारली. साबण त्याच्या मिशीला लागला. तो रडत होता आणि हसतही होता.

शामकला स्वयंपाकघरातून आली. सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"अगा दादा, मी सिरियलचं सांगून राहिली होती. साडेआठच्या सिरियलमंधले सासरे गेले काल. मले लय रडू आलं. मनलं, कोणाले सांगू?"

एरवी चुन्नीलालने घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्याच्या छातीवरची धोंड उतरली होती. "बह्याड हायेस," एवढंच म्हणाला, आणि चार वर्षांनी तिच्या हातचं पाणी प्यायला. लागोपाठ तीन पेले.

मग तो घर पाहत बसला. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल. कपाटाच्या दारावर नटनट्यांची कात्रणं. भिंतीवर वहीचं पान, त्यात कोणती सिरियल किती वाजता. जाहिरात लागली की भात उतरवायचा, दुसरी लागली की फोडणी द्यायची, असं बहिणीचं घर चालत होतं. पूर्वी त्याचा संताप झाला असता. आज वाटलं, करेना का! कुंकू शाबूत आहे, चूल पेटतेय, आणखी काय पाहिजे?

जेवताना तिने त्याच्या ताटात तिसऱ्यांदा वडे वाढले आणि त्याने नको म्हटलं नाही. दिवाळीला माहेरी यायचं, हेही ठरून गेलं. "दुपारच्याच गाडीनं ये," तो म्हणाला, "आणि पिक्चर आमच्याच घरी पाहजो. टीव्ही घेऊन ठेवतो." शामकला पदराने डोळे पुसत उठली. टेकचंद पाळीला गेला.

दोन वाजता भाची योगेश्वरी कॉलेजातून आली. मामाला पाहून आधी बावचळली, मग पाया पडली आणि सवयीने टीव्हीकडे वळली. कालच्या भागाचं रिपीट याच वेळेला लागायचं.

"राहू दे आज," शामकला घाईने म्हणाली. "मले आखीन रडू येईन."

"लाव लाव," चुन्नीलाल म्हणाला. "ज्याच्यापायी मी इतला रडलो, तो बुढा पाहू तं दे."

शामकला भांडी घेऊन मागे निघून गेली.

तो मांडी ठोकून बसला. पडद्यावर मोठं घर होतं, झुंबर होतं, आणि झोपाळ्यावर बसून जिलबी खाणारा एक तुकतुकीत म्हातारा. त्याने जिलबी खाल्ली, सुनेला रागावला, नातवाला खांद्यावर घेऊन नाचला. अर्धा तास झाला. शेवटी नावं वर सरकायला लागली, तरी म्हातारा नाचतच होता.

"हा मरते कवा?" चुन्नीलालने विचारलं.

"कोन, सासरे?" योगेश्वरी हसली. "ते काऊन मरतीन, मामाजी? ह्या सिरियलमंधी तं आजपावतर कोनीच नाही मेलं."