आपल्याला

दहा वर्षं गर्भ राहू न देणारी कांडी दंडात बसवायला आता डॉक्टर लागत नव्हता. आरोग्य केंद्रातल्या यंत्राला सांगितलं की झालं. तिसऱ्या लेकीला मांडीवर घेऊन द्वारका त्याच्यासमोर बसली.

"अजून मूल हवं?" यंत्रानं विचारलं.

"नको बाई आपल्याला."

"आपल्याला, म्हणजे दोघांना. पतीला विचारत आहे."

"त्यांना नको विचारू. आपल्याला म्हणजे मला. आम्ही असंच बोलतो," द्वारका घाईनं म्हणाली.

पण फोन लागला होता.

"मूल नको? भलतंच," नवऱ्याचा आवाज आला. "आपल्याला मुलगा पाहिजे."

यंत्रानं बाहेर आलेली कांडी आत ओढून घेतली आणि दोघांचं एकमत झाल्याबद्दल द्वारकेचं अभिनंदन केलं.