जातो

हरणांच्या शिकारीला निघताना माझ्या बायकोच्या, शैलजाच्या, दोन अटी असतात. ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. आणि झाडावरच्या मचाणावर बसलं की अंगावरचा सेफ्टीचा पट्टा सोडायचा नाही.

आज दुपारी तिच्या टोकण्याला वैतागून मी मुद्दाम म्हणालो, “जातो!”

कॅरीतल्या आमच्या घरापासून तासभर ड्राइव्ह केलं. खाली उभा असतानाच पट्टा चढवला, खोडाला बांधलेल्या दोराला अडकवला आणि वीस फूट वर जाऊन बसलो.

चार वाजता खालच्या वाळक्या पानांवरून कुणीतरी चालत गेलं. आवाज थेट माझ्या बुटांचा. वाकून पाहिलं, तर कोणीच नव्हतं.

पाच वाजता शैलजाचा मेसेज आला. “लवकर आलास! दाराच्या कॅमेऱ्यात दिसलास.”

“मी अजून झाडावरच आहे,” मी लिहिलं.

“चेष्टा पुरे यार. मीटिंग संपली, खाली येऊन दार उघडते. पण तो पट्टा तरी काढून यायचं ना!”

मी छातीवर हात नेला.

पट्टा नव्हता.